वरचा कर्णा

बँडमध्ये त्याला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याचं काहीही चुकलं नव्हतं. जेवायला बसला तरी टेबलाखाली याचा गुडघा हलतोय. रांगेत उभा राहिला तरी बोटं हवेत सूर दाबताहेत. झोपेतसुद्धा पायाचे अंगठे चालूच. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या बायकोनं हात टेकले होते. "अहो, जरा एका जागी बसा," असं ती तेव्हापासून म्हणत आली होती, आणि तेव्हापासून "बसलोय की" असं म्हणत तो उठत आला होता.

ती शिलाई मशीनं दुरुस्त करायची. रस्त्यालगत दुकान, दुकानाच्या वर दोन खोल्या. गिऱ्हाईक तिला मशीनवाली म्हणायचं, आणि तिला ते आवडायचंही. तो नाचाच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी ऑर्गन वाजवायचा. विजेवरचा ऑर्गन, दोन मजली पट्ट्यांचा, स्वतःचा. आता तो ऑर्गन ऐकून लोक म्हणायचे, वा, काय वाद्य आहे! साफ चूक. नुसता ऑर्गन वाजवला तर आवाज कसा यायचा, सांगू? दाराची घंटा कुणीतरी दाबून धरल्यासारखा. सपाट. त्यात जीव घालायचं ते शेजारचं कपाट.

कपाट म्हणजे छातीएवढ्या उंचीची लाकडी पेटी, वर-खाली आडव्या फटी असलेली. हमाल नवीन असला की हमखास विचारायचा, "बाई, कपडे काढून घेतलेत ना आतले?" कपडे कसले! आत वरच्या कप्प्यात एक कर्णा, आडवा, गोल गोल फिरणारा. खालच्या कप्प्यात जमिनीकडं तोंड केलेला मोठा स्पीकर आणि त्याच्याखाली लाकडाचं पिंप, एका बाजूनं कापलेलं, तेही फिरणारं. बारीक, उंच सूर वरच्या कर्ण्यातून यायचे, जाड आवाज खालच्या पिंपातून. दोघांच्या मोटरी वेगळ्या, पट्टे वेगळे.

रस्त्यानं रुग्णवाहिका जाते तेव्हा तिचा भोंगा जवळ येताना चढतो आणि पुढं गेली की उतरतो, हे कुणी ऐकलेलं नाही? तीच गोष्ट इथं, फक्त खोलीच्या आत आणि न थांबता. कर्ण्याचं तोंड तुमच्याकडं वळलं की सूर केसभर चढतो, पाठ फिरली की केसभर उतरतो. शिवाय आवाज कधी तुमच्या अंगावर, कधी समोरच्या भिंतीवर, कधी मागच्या. सपाट सूर श्वास घ्यायला लागतो. आणि वेग दोन, एक संथ, एक जोराचा. बटण दाबलं की हलका कर्णा लगेच पळत सुटायचा, आणि जड पिंप मागून कुरकुरत यायचं. "मी चप्पल घालून दारात उभी, आणि तुम्ही अजून किल्ल्या शोधताय, तसं," मशीनवाली म्हणायची. त्या मागं-पुढं होण्यातच सगळी गंमत होती. नाचणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसायचं, पण बटण दाबलं की त्यांचे पाय आपोआप हलके व्हायचे.

त्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा गेली ती नाचायलाच. नाच राहिला बाजूला. ऐन रंगात वरचा पट्टा तुटला, आवाज एकदम मेल्यासारखा झाला, आणि ऑर्गनवरचा किडकिडीत माणूस घाबराघुबरा होऊन कपाटाभोवती प्रदक्षिणा घालायला लागला. हिनं पर्समधून शिलाई मशीनचा पट्टा काढला, मापाला जोड मारला आणि चढवला. "पर्समध्ये पट्टा घेऊन नाचायला येणारी बाई जगात एकच होती, तिला मी हातची कशी जाऊ देणार?" असं तो पुढं ज्याला त्याला सांगत सुटायचा. लग्नानंतर कपाटाची देखभाल तिच्याकडं आली. दर रविवारी सकाळी हॉलमध्ये जायचं, मागची फळी काढायची, तेलाचे दोन थेंब, पट्टे बघायचे, फळी लावायची. तोवर तो बाकावर बसून काहीबाही वाजवत राहायचा आणि विचारायचा, "फिरतोय का गं?"

"फिरतोय हो."

त्या कर्ण्याला दोन तोंडं होती, एकमेकांच्या उलट दिशेला. आवाज मात्र एकातूनच यायचा. दुसरं बंद होतं, नुसतं तोल राखायला.

"आपल्यासारखंच," तो म्हणायचा. "एक बोलतं, एक तोल राखतं."

"आणि बोलणारं कोण यातलं?"

"आता हे काय विचारणं झालं?"

वर्षानुवर्षं हाच विनोद, आणि दोघं वर्षानुवर्षं हसायची. लग्न म्हणजे तरी दुसरं काय असतं!

तर एका रविवारी त्यानं वाजवता वाजवता हात उचलला आणि म्हणाला, "वरचा कर्णा फिरत नाहीये."

तिनं फळी काढून बघितलं. कर्णा झकास फिरत होता. "फिरतोय की."

"मग नीट फिरत नाहीये. पट्टा घसरत असेल. बघ जरा."

तिनं पट्टा बदलला. पुढच्या रविवारी तेच. तिनं मोटर उघडून साफ केली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आता मशीनवालीचं डोकं फिरायला लागलं. माझ्या हातून गेलेलं यंत्र पुन्हा माझ्याकडं येतं म्हणजे काय? तिनं आस बदलला, तेल बदललं, फटी पुसल्या. तो ऐकायचा, मान वाकडी करायचा, उठून कपाटाच्या मागं यायचा, फिरता कर्णा टक लावून बघायचा आणि परत बाकावर जायचा. गुडघा तेवढा जास्तच हलायचा.

मग तो रविवार आला. तिनं वरचा पट्टा धुवायला काढला होता, तो हातातच होता, अजून चढवायचा होता. त्याला वाटलं, काम झालं. खालचं पिंप फिरत होतं, वरचा कर्णा ठार उभा. त्यानं ऑर्गनच्या वरच्या पट्ट्यांवर दोन्ही हात टाकले, जोराचं बटण दाबलं, आणि विचारलं, "झालं? फिरतोय का गं?"

ती सवयीनं "हं" म्हणून गेली.

"हां! आता कसं!" तो म्हणाला. "आता फिरला बघ. पट्टाच सैल होता ना?"

हातातल्या पट्ट्याकडं तिनं बघितलं, उभ्या कर्ण्याकडं बघितलं, आणि बाकावर डोलणाऱ्या नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. मग एकेक आठवायला लागलं. किटली शिट्टी मारून मारून थकते आणि हा शेजारीच बसलेला असतो. फोन वाजतो तो हिलाच ऐकू येतो. कपाट कायम त्याच्या डाव्या हाताला, फटी बरोब्बर कानाच्या उंचीवर, कारण फिरत्या कर्ण्याचा वारा गालाला लागला पाहिजे म्हणे! अख्खी हयात त्या कर्ण्याच्या तोंडाशी कान देऊन बसलेला माणूस. कपाट ठणठणीत होतं. कान गेले होते.

"हो," ती म्हणाली. "पट्टाच सैल होता."

झालं. एकदा असं बोललं की पुढच्या रविवारी काय वेगळं बोलणार? त्यानंतर दर रविवारी हेच नाटक. तो म्हणायचा, फिरत नाहीये. ती फळी काढायची, उगाच पाना इकडून तिकडं फिरवायची, फळी लावायची, म्हणायची, घ्या, झाला. तो म्हणायचा, हां, आता कसं. घरी येताना मात्र तिला वाटायचं, सांगून टाकावं. मग त्याची बोटं स्टिअरिंगवर नाचताना दिसायची आणि ती खिडकीबाहेर बघायला लागायची. हा माणूस ऑर्गनशिवाय करणार काय? बसल्या जागी बसता न येणाऱ्या माणसाला दुसरं काय येतं? ती दुकानात बसून तेल घातलेल्या मशीनांना पुन्हा तेल घालायची. एका गिऱ्हाइकाच्या मशीनला तिनं इतकं तेल पाजलं की बाई दुसऱ्या दिवशी डागाळलेला झगा घेऊन भांडायला आली.

तेवढ्यात हॉलवाल्यांनी टूम काढली की स्टेज लहान करायचं आणि खुर्च्या वाढवायच्या. बँडचा प्रमुख होता ड्रमर. आडदांड, मनाचा चांगला, पण कुणी ओरडलं की लगेच नमणारा. त्यानं मेव्हण्याला कामाला लावलं. मेव्हणा गिटार वाजवायचा, वेळ पडली तर की-बोर्डही, आणि जगातली प्रत्येक नवी वस्तू त्याच्याकडं आधी यायची. बुधवारी दुपारी तालमीला तो साबणाच्या वडीएवढी डबी घेऊन आला. पायानं दाबायची. तार इकडं ऑर्गनला, तिकडं साध्या स्पीकरला.

"ऐका दादा," तो भिंगरीला म्हणाला. "आत काहीच फिरत नाही, पण आवाज फिरतो. संथ, जोराचा, सगळं आहे. पिंप मागं रेंगाळतं, तेसुद्धा घातलंय!"

"फिरत नाही आणि फिरतं," भिंगरी म्हणाला. "जेवला नाही आणि पोट भरलं."

"अरे, ऐकून तर बघ," ड्रमर म्हणाला. "मला तर काडीचा फरक कळत नाही. ते धूड एकदाचं घरी ने. हॉलवाले माझ्या डोक्यावर बसलेत."

"तुला फरक कळणार नाहीच. तू पत्रे ठोकतोस."

"मग तुला तरी कळेल का?"

मशीनवाली त्या वेळी मागं उभी राहून डबा उघडत होती, सगळ्यांसाठी आणलेला. तिचा हात तसाच राहिला. तिला ओरडावंसं वाटलं, अहो, गप्प बसा! पण हा कुठला गप्प बसतोय.

"मला?" तो उसळलाच. उठला, दोन येरझाऱ्या घातल्या, परत आला. "पडदा ओढा. मागं कपाट ठेवा आणि तुमची ती डबी ठेवा. एकच सुरावट एकदा यातून, एकदा त्यातून वाजवा. कानानं ओळखून दाखवतो कपाट कुठलं ते. नाही ओळखलं, तर या बाकावर पुन्हा बसणार नाही. मग डबी ठेवा नाहीतर डबा ठेवा, मला काय!"

"अरे, एवढं कशाला..." ड्रमर चाचरला.

"आणि ओळखलं तर कपाट इथंच राहील. हॉलवाल्यांशी तू भांडायचंस. पुढच्या बुधवारी. ठरलं?"

ठरलं. काय बोलून बसला हा माणूस! घरी जाताना मशीनवालीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

"कुणी सांगितलं होतं पैज लावायला?"

"पैज कसली? मला ओळखता येतं."

"येतं ना नक्की?"

तो रस्त्याकडं बघत राहिला. "का? तुला शंका आहे?"

आता बोल, तिनं स्वतःला बजावलं. हीच वेळ आहे. बोल.

"शंका कसली," ती म्हणाली. "आपलं विचारलं."

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिलाच माहीत. भाजी चिरताना बोट कापलं. एका मशीनला दुसऱ्याचंच चाक बसवलं. रात्री तो अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर, आणि ही छताकडं डोळे लावून. दिवसा तो खोलीत नुसता फिरायचा, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, आणि मधेच थांबून नळाखाली कान न्यायचा, घड्याळाला कान लावायचा. हे तिनं बघितलं, पण त्याचा अर्थ लावायला तिचं डोकं ठिकाणावर होतं कुठं? तिला एवढंच दिसत होतं की हा माणूस बुधवारी चारचौघांत खुर्चीवर बसणार, काहीतरी ठोकून देणार, चुकणार, आणि सगळ्यांच्या देखत त्याचा बाक जाणार. खुणेनं सांगावं म्हटलं तर खूण आधी समजावून द्यायला हवी, आणि खूण कशाला लागते तेही सांगायला हवं. म्हणजे पुन्हा तेच.

सोमवारी दुकानात एक जुनं मशीन आलं. चाक फिरलं की थप, फिरलं की थप. बघते तर चाकाच्या कडेला चामड्याचा तुकडा चिकटलेला, प्रत्येक फेरीला लाकडाला घासून जात होता. ती तो तुकडा बोटात धरून बराच वेळ बसून राहिली. जाड आवाज तर त्याला ऐकू येतो! ड्रमरचा मोठा ढोल ऐकू येतो, बसगाडीची घरघर ऐकू येते. गेलेत ते वरचे, बारीक सूर.

मंगळवारी ती एकटी हॉलमध्ये गेली. कपाटाची मागची फळी काढली, खालचा कप्पा उघडला, आणि पिंपाच्या कडेला चामड्याचा तुकडा डकवला. असा की संथ फिरताना दर फेरीला खालच्या लाकडी पट्टीला हलकेच लागावा. थप. जरा थांबून थप. डबीत हे कुठून येणार! इतरांना वाटेल, जुनं लाकूड आहे, कुरकुरतं. त्याला मात्र हा आवाज पायातून कळेल. अख्ख्या आयुष्यात तिनं यंत्रातला ठोका काढला होता, घातला कधीच नव्हता. फळीचे स्क्रू तिनं घाईघाईनं पिळले. चोरीच होती ती, पण नवऱ्यासाठी होती. मनाला तिनं असं समजावलं आणि पाय लावून पळाली.

बुधवारी सगळे जमले. पडदा ओढला. पडद्यामागं मेव्हणा की-बोर्डवर, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला डबी आणि स्पीकर. पुढं रिकाम्या हॉलमध्ये एक खुर्ची, खुर्चीवर भिंगरी. ड्रमर हाताची घडी घालून भिंतीला टेकलेला. मशीनवाली बाजूच्या बाकड्यावर, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"एक!" मेव्हणा आतून ओरडला आणि वाजवायला लागला.

सूर संथ फिरत बाहेर आला. छान होता, खोटं कशाला बोला. मग वेग घेतला, वरचा आधी, खालचा मागून. मशीनवालीच्या कानांना कळलं, ही डबी. आवाज फिरत होता, पण एकाच जागी फिरत होता, भिंतींना त्याचा पत्ताच नव्हता. भिंगरी मान वाकडी करून ऐकत होता. गुडघा थडथड उडत होता. एकदा त्यानं डावा कान पुढं केला, मग उजवा. चेहरा असा, जसा भर बाजारात हरवलेल्या पोराचा असतो. तिला बघवेना.

"दोन!"

संथ सूर आला. भिंतीवरून, छतावरून, पाठीमागून, सगळीकडून. आणि खालून, अगदी हळू, थप.

भिंगरीचा गुडघा थांबला.

थप.

त्याची बोटं थांबली. मान सरळ झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस असा निश्चल बसलेला तिनं पहिल्यांदाच बघितला. तिचा जीव भांड्यात पडला. ऐकलं, ऐकलं त्यानं! आता सांगेल, दोन नंबर, आणि सुटलो आपण.

पण त्यानं हळूहळू मान वळवली आणि तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, हसून नाही, नुसतं बघितलं. तिच्या हातून गेलेल्या यंत्रात ठोका नसतो, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? ठोका आहे म्हणजे तिनं घातलाय. आणि घातलाय, म्हणजे तिला ठाऊक आहे. तिचा चेहरा कानापर्यंत तापला. पर्सचा बंद तिनं इतका पिळला की तो तुटला.

वाजवणं संपलं. मेव्हण्यानं पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "बोला दादा!"

"दुसरं कपाट," भिंगरी म्हणाला.

"च्यायला!" मेव्हण्यानं टाळी वाजवली. "बरोबर!"

"मानलं बुवा," ड्रमर म्हणाला. "चल, आता भांडतो मी हॉलवाल्यांशी. माझ्या नशिबात काय, शिव्याच आहेत."

"थांब," भिंगरी म्हणाला. तो उठला नव्हता. अजूनही खुर्चीवर तसाच होता. "कानानं ओळखेन म्हणालो होतो. तसं नाही ओळखलं. कपाटात ठोका आहे. तो ऐकला."

"ठोका तर ठोका. ऐकलास ना?"

"तो हिनं घातलाय. माझ्यासाठी." त्याचा आवाज फाटला. "वरचा कर्णा मला ऐकू येत नाही रे. कित्येक महिने झाले. त्या डबीतलाही नाही आणि या कपाटातलाही नाही. मला दोन्ही सारखंच. दाराच्या घंटेसारखं."

मेव्हण्यानं पडद्याची कड हातात धरली होती ती तशीच राहिली.

"अरे, मग काय झालं?" शेवटी ड्रमर म्हणाला. "हाताला येतंय ना? वाजव की. आम्ही सांभाळून घेऊ."

"कधी बटण दाबायचं, ते कळायला ऐकू यावं लागतं. ते नुसत्या हातांचं काम नाही." तो उठला. "शब्द दिलाय. शनिवारी तुझा मेव्हणा बसेल. त्याला कान आहेत. आणि डबी वाईट नाही रे, मला वाटतं. मला काय कळतंय म्हणा!" हे बोलून तो हसला, आणि दुसऱ्याच क्षणी तोंड फिरवून डोळे पुसायला लागला.

घरी जाताना गाडी तिनं चालवली. अर्ध्या वाटेवर मग तीच फुटली.

"माझंच चुकलं. तो ठोका घातला नसता तर..."

"तर चुकलो असतो. बाक गेलाच असता."

"तुम्ही नुसतं दोन नंबर म्हणून गप्प बसला असतात तरी चाललं असतं ना हो! एकदा, आयुष्यात एकदा गप्प बसायचं होतं!"

"तूच गप्प बसलीस तेवढं पुरे झालं."

ते तिला लागलं. तिनं गाडी कडेला घेतली. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"फळी काढल्यावर मी मागं येऊन बघायचो ना? कर्णा डोळ्यांना फिरताना दिसायचा. दिसतोय आणि ऐकू येत नाही, म्हणजे काय, ते न कळायला मी बावळट आहे का?" त्याचे हात मांडीवर पडून होते. "दर रविवारी ठरवायचो, आज ही सांगेल. अहो, कर्णा ठीक आहे, तुमचे कान बघा, असं म्हणेल. म्हणजे मग मला म्हणता येईल, हो गं, मलाही तसंच वाटतंय. आणि तू म्हणायचीस, पट्टा सैल होता. तुझ्या हातात पाना. तुझं यंत्राबद्दलचं म्हणणं मी कधी खोटं मानलंय? वाटायचं, चला, पट्टाच असेल. आठवडाभर तेवढ्यावर जगायचो."

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली, चांगली ओक्साबोक्शी. त्याला दुखावू नये म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं होतं, आणि तो बिचारा दर रविवारी तिनं तोंड उघडावं म्हणून वाट बघत होता. तोल राखत होती म्हणे! त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात हलत नव्हता, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

कपाट आणि ऑर्गन हॉलमधून आले ते सरळ दुकानात, कारण जिन्यातून वर जाईनात. नव्या हमालानं विचारलं, "बाई, कपडे काढलेत ना आतले?" तेव्हा दोघांपैकी कुणी हसलं नाही. पुढचे काही दिवस तो दुकानाच्या कोपऱ्यात ऑर्गनच्या बाकावर नुसता बसून असायचा, झाकण न उघडता, हात मांडीवर ठेवून. गिऱ्हाइकं यायची, जायची. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आले. यंत्र मिळेल, बोलणं कळेल, पण गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं मान डोलावली. एका जागी बसा, एका जागी बसा म्हणून हिनं जन्मभर डोकं खाल्लं होतं. आता तो बसला होता, आणि तिला दुकानात श्वास घेता येत नव्हता.

रविवार उजाडला. तिनं काही न विचारता कपाट भिंतीपासून ओढलं आणि मागची फळी काढली. पिंपावरचा चामड्याचा तुकडा खरवडून फेकून दिला. वरचा पट्टा काढला, धुतला, फडक्यानं पुसला. मागं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिनं वळून बघितलं नाही. एक सूर आला, मग दुसरा, मग दोन्ही हातांचे. जोराचं बटण दाबल्याचा खटका झाला.

आणि मग त्यानं विचारलं, "फिरतोय का गं?"

तिच्या तोंडात "फिरतोय हो" आलंच होतं. ते तिनं गिळलं.

"नाही फिरत," ती मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. "पट्टा माझ्या हातात आहे."

तो वळला. तिनं पट्टा उंच धरून दाखवला. त्यानं पट्ट्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"मग चढव की," तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडं काय बघतेस?"

तिनं पट्टा चढवला. कर्ण्यानं एक हेलकावा घेतला आणि तो पळत सुटला. सूर दुकानभर झाला, भिंतींना लागला, टांगलेल्या कात्र्यांना लागला, रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं थांबून आत डोकावलं.

"आता?"

"आता फिरतोय. सुंदर फिरतोय."

"नुसतं सुंदर म्हणू नकोस. कसा, ते सांग. पिंप कुठं आलंय?"

"अजून मागं आहे. किल्ल्या शोधतंय." तिनं डोळे पुसले आणि नीट कान दिला. "येतंय, येतंय... हां, आलं. आता दोन्ही बरोबर."

"संथ करू?"

"थांबा. आणखी थोडं... आता करा."

त्यानं बटण दाबलं. ती सांगत गेली, तो वाजवत गेला, आणि बाकाखाली त्याचा गुडघा पुन्हा हलायला लागला.